गटात बसून जग शिकताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आठवी ते दहावीच्या मुलांना जगातले मोठे प्रश्न, म्हणजे हवामान, युद्ध, स्थलांतर, व्यापार, हे गटात कसे शिकवायचे यावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, त्यातली पाच इथे घेतलीयत, लांब होती ती थोडी छाटली.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यातल्या शाळेत नववीला भूगोल शिकवते. वर्गात ४६ मुलं. दरवर्षी हवामान बदल, पाणीटंचाई असे विषय देऊन गट पाडते. होतं असं की गटातल्या दोन मुली सगळं करतात आणि बाकीच्यांची फक्त नावं कव्हरवर. माहिती गूगलवरून जशीच्या तशी. मुलांना जगाचं काहीतरी खरं कळावं असं फार वाटतं पण असं करून ते कळत नाहीये. काय बदलू?

ताई, "दोन मुली सगळं करतात" हे वाक्य जवळजवळ निम्म्या पत्रांमध्ये आहे, त्यामुळे तुमचीच मुलं तशी आहेत असं समजू नका. काम असं दिलेलं असतं की दोघींनी केलं तरी ते पूर्ण होतं, मग बाकीचे कशाला हात लावतील? काम असं कापून द्यायचं की प्रत्येकाच्या हातात जे आहे ते दुसऱ्या कुणाकडेच नाही, आणि त्याच्याशिवाय गटाचं अडतं.

याची एक जुनी आणि चांगली तपासलेली पद्धत आहे, जिगसॉ. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसायला लागली आणि भांडणं, मारामाऱ्या सुरू झाल्या. तिथे एलियट अ‍ॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्गात बसून बघितलं तर बाईंनी प्रश्न विचारला की ठराविक मुलं हात वर करतात आणि दुसरा चुकला की खूश होतात, बाकीची मान खाली घालून बसतात. मग त्यांनी धडाच तुकड्यांत कापला, गटातल्या प्रत्येकाला एक तुकडा, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. आता ज्या मुलाला नीट इंग्रजी येत नाही म्हणून हसत होते त्याच्याकडेच एक तुकडा होता, त्याला नीट प्रश्न विचारून, धीर देऊन बोलतं केल्याशिवाय तो मिळणार नव्हता. काही आठवड्यांत मुलांची एकमेकांशी वागायची तऱ्हा बदलली.

तुमच्यासाठी विषय मी कापूस सुचवेन. तुम्ही यवतमाळला आहात, वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरी कापूस आहे, वेचणीला काही मुली स्वतः जात असतील, आणि या एका पिकात पाणी, व्यापार, मजुरी, कचरा सगळं येतं. पाच तुकडे करा, प्रत्येकी एक पानभर, तुमच्या शब्दांत, साध्या मराठीत.

पहिला तुकडा घरचा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येतो तेव्हा. शुल्क काढल्याने गिरण्यांना काय मिळालं, शेतकऱ्याला काय, आणि त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं त्याचा याच्याशी काय संबंध, एवढं त्या पानावर पाहिजे.

दुसरा तुकडा अरल समुद्र. उझबेकिस्तान आणि कझाकस्तानच्या मधला हा तलाव एकेकाळी आकाराने जगात चौथा होता. १९६०च्या दशकापासून सोव्हिएत सरकारने अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कालव्यांनी प्रामुख्याने कापसाकडे वळवलं आणि तलाव आटत गेला. मुयनाक नावाचं मासेमारीचं बंदर होतं, तिथे आज गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत. फोटो मिळवून तो प्रिंट करून द्या, नुसतं वाचून पोरांना ते पटत नाही.

तिसरा तुकडा पश्चिम आफ्रिकेचा. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि म्हणाले की अमेरिका तिच्या कापूस शेतकऱ्यांना एवढं अनुदान देते की जगातला भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. ब्राझीलने तर अमेरिकेवर केसच केली, जिंकली, आणि २०१४ साली ३० कोटी डॉलर घेऊन ती मिटवली. त्या चार देशांना तसं काही मिळालं नाही. का, हा प्रश्न मुलांवरच सोडा.

चौथा राणा प्लाझा. ढाक्याजवळ सावरमध्ये २४ एप्रिल २०१३ला कपडे शिवायच्या कारखान्यांची आठ मजली इमारत कोसळली, ११००हून जास्त माणसं गेली, बहुतेक तरुण बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, शिवणकामवाल्यांना मात्र कामावर बोलावलं. हे पान लिहिताना हात आखडू नका, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे झेपतं, आणि एवढी गोष्ट त्यांच्यापासून लपवून जग शिकवता येत नाही. फक्त मृतांचे फोटो नकोत.

पाचवा तुकडा जुन्या कपड्यांचा. परदेशातून गासड्यांनी येणारे जुने कपडे हरियाणात पानिपतला फाडून, पिंजून त्यांचं परत सूत करतात, स्वस्त ब्लँकेटं होतात. आणि जे कुणालाच नको असतात त्यातले कितीतरी चिलीच्या अटाकामा वाळवंटात ढिगाने पडलेत, इक्विके नावाच्या बंदरातून आत आलेले.

आता मांडणी. ४६ मुलांचे नऊ गट, आठ गटांत पाच-पाच, एका गटात सहा (तिथे दोघं एकच तुकडा वाटून घेतील). आधी दहा मिनिटं प्रत्येकाने आपलं पान एकट्याने वाचायचं. मग एकाच तुकड्याची सगळी मुलं एकत्र, ती झाली त्या विषयाची तज्ज्ञ. नऊ-दहा जण फार होतात म्हणून त्यांचे पण दोन भाग करा. इथे ती ठरवतात की आपल्या मूळ गटाला हे समजावायचं कसं, आणि ही पायरी घाईत उरकू नका, कारण ज्याला वाचनच जड जातं त्याला इथे चार जण भेटतात ज्यांनी तेच वाचलंय, तो तयार होऊन परत जातो. मग आपापल्या गटात परत, प्रत्येकाने पाच-सहा मिनिटं शिकवायचं आणि शिकवताना पान हातात नाही, नाहीतर नुसतं मोठ्याने वाचन होतं.

सगळ्यात शेवटी गटाला एक असा प्रश्न की पाचही तुकडे लागलेच पाहिजेत. उदाहरणार्थ, तीनशे रुपयांच्या टी-शर्टमधले पैसे कुणाकुणाला किती जायला हवेत, आणि आत्ता तसे जात नाहीत तर अडवतंय कोण? याला एकच बरोबर उत्तर नाही आणि ते पोरांना आधीच सांगा, म्हणजे ती तुमच्या तोंडाकडे बघत बसणार नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या एका वर्गात अरलवाली मुलगी सांगत होती, गटातल्या एका मुलाने विचारलं, समुद्र आटला मग कापूस थांबला का? ती गप्प झाली, पानावर ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी शोधून आली, नाही थांबला, उझबेकिस्तान आजही कापूस पिकवतो. त्यावरून गटात जे सुरू झालं ते मला कुठल्याच चार्टपेपरवर दिसलेलं नाही, आपल्याकडच्या बोअरवेलपर्यंत गाडी आली.

मार्क? गटाला मार्क देऊ नका. दहा मार्कांची छोटी चाचणी, प्रत्येकाने एकट्याने, पाचही तुकड्यांवर. मदत गटात, हिशोब एकेकाचा, या दोन्ही गोष्टी असल्या तरच हे चालतं. वेळेचं म्हणाल तर नववीला जलसुरक्षा विषय आहेच, त्याचे तास जोडून घ्या, अरल समुद्र त्यात अगदी हक्काने बसतो. आणि कापूस विकल्याची पावती कुणी घरून आणली तर उत्तम, पण आणाच म्हणू नका, काही घरांत त्या पावतीमागे कर्ज असतं.

प्रश्न : मी जळगावला दहावीत आहे. मी हुशार म्हणून प्रत्येक गटात सगळं काम माझ्याच गळ्यात पडतं. नाही केलं तर माझे पण मार्क जातात. सरांना सांगितलं तर सर म्हणाले लीडरशिप शिक. मी काय करू?

तुझी तक्रार खरी आहे आणि तू स्वार्थी नाहीयेस. सगळं काम एकाने करणं याला लीडरशिप म्हणत नाहीत. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी वहीत पाच ओळी लिही, कोण काय करणार आणि कधीपर्यंत, सगळ्यांच्या सह्या घे आणि सरांना दाखव. मग एखाद्याचा भाग आला नाही तर तो भाग कोरा सोड. पूर्ण करायचा मोह होईल तुला, खूप होईल, तरी करू नको. सरांना नम्रपणे सांग की हा भाग अमक्याकडे होता. एक मात्र बघ, ज्याला तू कामचुकार समजतेयस त्याला कदाचित काम कळलेलंच नसेल आणि विचारायची लाज वाटत असेल. एकदा शेजारी बसून विचारून बघ, तुझ्या पाच मिनिटांनी काम होईल. तरीही नाही केलं तर कोरं सोडायचं ते सोडायचंच.

प्रश्न : चंद्रपूरला माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दहावीच्या वर्गात कोळशावरची वीज बंद व्हावी का यावर गटचर्चा ठेवली. अर्ध्या मुलांचे वडील खाणीत किंवा वीज केंद्रात, बरेचसे ठेकेदाराकडे. दुसरी मुलं म्हणाली तुमच्यामुळे आम्ही धूळ खातो, दम्याचे पंप वापरतो. प्रकरण हातघाईवर आलं. मुख्याध्यापक म्हणतात असले विषय नकोत. खरंच नकोत का?

सर, विषय हवाच. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या) कोळसा खाणी, उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे. जगात ज्यावर भांडण चाललंय ते तुमच्या पोरांच्या अंगणात आहे, ते शाळेत बोलायचं नाही तर कुठे? पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मुलं आपापल्या घराच्या बाजूने बोलायला उभी राहिली, म्हणजे हरणं-जिंकणं बापाच्या इज्जतीवर गेलं. तिथे माघार कोण घेणार?

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या दोघा भावांनी वाद शिस्तीत घालायची एक पद्धत बसवलीय, ती करून बघा. चार-चारचे गट, त्यात दोन जोड्या. कोणती जोडी कुठली बाजू मांडणार हे चिठ्ठीने ठरवा, त्यामुळे खाणकामगाराचा मुलगा कोळशाविरुद्ध पण बोलू शकतो. दोन्ही जोड्या तयारी करतात, एक मांडते, दुसरी फक्त लिहून घेते, मधे बोलायचं नाही. खोडून काढायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि समोरच्याने हो, मी हेच म्हणालो असं म्हटलं तरच पुढे जायचं. मग बाजू बदलायच्या, परत तेवढ्याच ताकदीने मांडायचं. आणि शेवटी दोन्ही बाजू सोडून चौघांनी मिळून अर्धं पान लिहायचं, कुठे एकमत झालं आणि कुठे नाहीच झालं. नाही झालं हे लिहायला पूर्ण परवानगी.

मुद्दे दोन्हीकडे भरपूर आहेत, तेवढे मात्र तुम्ही पुरवा, कारण मुद्दे नसले की आवाज चढतो. देशातली साधारण ७० टक्के वीज अजून कोळशावर आहे. दरडोई कार्बन डायऑक्साइड आपला वर्षाला साधारण २ टन, चीनचा ८च्या आसपास, अमेरिकेचा १४च्या आसपास. १९९२च्या रिओ परिषदेतल्या कराराने मान्य केलं की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. २०२१ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत मसुद्यात कोळसा टप्प्याटप्प्याने बंद करू असं होतं, शेवटच्या तासांत भारत आणि चीनच्या आग्रहामुळे ते कमी करू असं झालं, अध्यक्ष आलोक शर्मांना सगळ्यांसमोर गहिवरून आलं. त्याच परिषदेत भारताने २०७०पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढा परत शोषला जाईल असं, वचन दिलं. ब्रिटनने, जिथून कोळशाचं युग सुरू झालं तिथे, ३० सप्टेंबर २०२४ला शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. आणि दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाचं केंद्र २०२२ला बंद झालं तेव्हा त्याच्यावर जगणारं गाव अडचणीत आलं, हे उदाहरण चंद्रपूरच्या मुलांना सगळ्यात जास्त कळेल. केंद्र बंद होणं हा एक प्रश्न आणि ठेकेदाराकडच्या माणसाचं पुढे काय हा दुसरा, हे दोन वेगळे काढता आले तर पोरं एकमेकांच्या अंगावर जाणार नाहीत.

मुख्याध्यापकांना तो अर्ध्या पानाचा निकाल दाखवा, त्यांची काळजी चुकीची नाही, वर्गात मारामारी झाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. आणि एक विनंती, सध्या चालू असलेल्या युद्धांवर, जिथे मुलं घरून व्हॉट्सअ‍ॅपचा ढीग डोक्यात घेऊन येतात, तिथे ही पद्धत पहिल्यांदाच वापरू नका. आधी कोळशासारख्या विषयावर दोन-तीनदा हात बसू दे. कुणाही मुलाला त्याच्या धर्माचा किंवा जातीचा प्रतिनिधी म्हणून उभं करायचं नाही, तो स्वतः म्हणाला तरी नाही.

प्रश्न : पुण्यात राहतो. मुलगी मराठी माध्यमात नववीला. तिच्या मैत्रिणी दुसऱ्या शाळांमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नकली सभांना जातात, एमयूएन म्हणतात, तिथे फी आहे, ब्लेझर लागतो, सगळं इंग्रजीत. ती मागे पडतेय का? आणि पुढच्या वर्षी दहावी, मग हे सगळं बंदच करावं का?

मागे पडत नाहीये. एमयूएनमध्ये जे चांगलं आहे ते म्हणजे आपल्याला न पटणारी भूमिका अभ्यास करून मांडावी लागते, आणि त्याला ब्लेझर लागत नाही. सुरक्षा परिषद मराठीत करा, शाळेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये. १५ सदस्य, त्यातले अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स कायमचे, नकाराधिकारवाले. १४ जणांनी हो म्हटलं आणि एकाने हात वर करून ठराव पाडला की मुलांचे चेहरे बघा, पुस्तकात पाच ओळींत असलेला व्हेटो तिथे अर्ध्या तासात कळतो, आणि लगेच विचारतात की हे असं का ठेवलंय. १९४५चा इतिहास तेव्हा काढायचा, आधी नाही. मला या सभांमधलं एकच आवडत नाही ते म्हणजे सर्वोत्तम प्रतिनिधीचं बक्षीस. त्याने मुलं ठराव जुळवायच्या ऐवजी माईक धरून बसतात. तुम्ही करणार असाल तर ते बक्षीस ठेवू नका.

दहावीत महिन्यातला एखादा शनिवार पुरतो. त्याने मार्क वाढतील असं आश्वासन मी देणार नाही, कमी होतील असंही वाटत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवतो, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाने. तेरा-चौदा वर्षांची मुलं आता गोष्टी-गाण्यांना कंटाळलीयत. महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेबरोबर मिळून पर्यावरणावर काही करावं असं वाटतं. एकदा व्हिडिओ कॉल केला तर दोन्हीकडची पोरं हाय म्हणून गप्प बसली. आमच्या काही पालकांना वाटतं की त्या शाळेला लॅपटॉप पाठवावेत आणि मग सुरुवात करावी.

लॅपटॉप आधी पाठवू नका, हे अगदी आग्रहाने सांगते. द्यायचेच असतील तर नंतर, वेगळ्या मार्गाने, मुलांना मधे न घेता. पहिल्याच दिवशी एक देणारा आणि एक घेणारा झाला की ती मुलं तुमच्या मुलांना प्रश्न विचारणार नाहीत, आभार मानतील, आणि तुमची मुलं पण शिकायच्या ऐवजी कीव करत बसतील.

कॉलवर पोरं गप्प बसली कारण बोलायला काही नव्हतं. तर दोन्हीकडून काहीतरी मोजून आणा. लाइट बिल घ्या. अमेरिकेतलं सरासरी घर महिन्याला साधारण ९०० युनिट वापरतं, आपल्याकडे महावितरणच्या बिलात पहिला स्लॅबच १०० युनिटपर्यंतचा आहे आणि कितीतरी घरं त्याच्या आत असतात. तीन महिन्यांची बिलं, घरात माणसं किती, माणशी युनिट किती, एवढा एक तक्ता दोघांनी मिळून भरायचा. नावं काढून, घराला फक्त नंबर द्यायचा. मिश्र गट करा, दोन मुलं तिकडची, दोन इकडची, आणि तक्ता भरला की प्रत्येक गटाने दुसऱ्या देशातल्या घराबद्दल तीन प्रश्न लिहायचे. इकडची मुलं नक्की विचारतील की तुमच्याकडे कपडे वाळवायला वीज का लागते, दोरी नाही का. आणि तुमची मुलं शोधायला लागतील की आपल्या गावात अंगणात दोरी चालते का, कारण तिकडे काही वसाहतींचे नियम तिला मनाई करतात. तिकडच्यांना मग विचारायचंय की लोडशेडिंगमध्ये अभ्यास कसा करता, ते पण येऊ दे, फक्त सुरुवात तिथून नको.

लाइव्ह कॉल कमी ठेवा. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा, तुमची रविवार सकाळ म्हणजे इकडे संध्याकाळ, तेवढाच वेळ जुळतो. खेड्यातल्या शाळेत नेट कधी असतं कधी नसतं, म्हणून मुख्य काम व्हॉइस मेसेजवर चालू द्या, एक मिनिटाचा, मराठीत. तुमच्या मुलांचं मराठी अडखळतं, इकडच्यांचं इंग्रजी अडखळतं, दोघांनाही परत रेकॉर्ड करायची सोय मिळते आणि लाज कमी होते. मेसेज दोन्हीकडच्या शिक्षकांच्या फोनवरून जावेत, मुलांचे नंबर एकमेकांना देऊ नका, आणि दोन्हीकडच्या पालकांची लेखी परवानगी घ्या.

एक सत्र जमलं की पुढचा विषय मुलांनाच ठरवू द्या. त्यांनी काय निवडलं ते मला नक्की कळवा, शाळेचं नाव न छापता इथे देऊ.